चमचा म्हणजे आपण

मिठाची बाटली म्हणजे फ्लोरेन्स, मिऱ्याची म्हणजे सिएना, आणि चमचा म्हणजे आपण. कँटीनमध्ये जेवण झालं की तो ट्रे बाजूला सारायचा, दोन्ही बाटल्या हातभर अंतरावर मांडायचा आणि चहाचा चमचा त्यांच्यामधून वळणं घेत सरकवायचा. "हे डोंगर. ही द्राक्षं. इथे थांबायचं, जेवायचं. घाई नाही. आपण आरामात जायचं."

आपण म्हणजे नक्की कोण, हे कोणी विचारत नसे.

तुमच्याही ऑफिसात असा एक असणार. ज्याच्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरते, तो. आमच्याकडे हा होता. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या कुंपणाला लागून आमची कार्गो कंपनी. मी आणि मिलिंद वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरमध्ये, आणि तो खाली कागदपत्रांच्या डेस्कवर. वय सत्तावन्न, लग्न नाही, हाउन्सलोमध्ये एक खोली भाड्याने. तोंडावर आम्ही त्याला अहो-जाहो करायचो. पाठीमागे अरे-तुरे, आणि नाव 'नकाशे'. ते मिलिंदने ठेवलं होतं. इथेही मी 'तो'च लिहितोय बघा. जित्याची खोड!

इटलीचं वेड त्याला कागदांमुळे लागलं. ऑलिव्ह तेल, चीज, वाइनची खोकी, सगळ्यांचे कागद त्याच्या हातून जायचे आणि प्रत्येक कागदावर गावाचं नाव असायचं. "वीस वर्षं ही नावं टाइप करतोय रे समीर," तो मला म्हणायचा. "एकदा त्या गावांत जाऊन जेवायचंय. बस."

आणि गंमत म्हणजे, हा वाइन टूर आखणारा गृहस्थ दारूचा थेंब घेत नसे! मिलिंदने छेडलं की हसायचा. "तेच तर बरंय ना. आपल्यात एकजण तरी शुद्धीत हवा. गाडी मी चालवणार, बाकीच्यांनी खुशाल प्यावं."

त्याची एक फाईल होती. जाडजूड रिंग बाइंडर, प्रत्येक पान प्लास्टिकच्या खिशात. कुठल्या गावात सोमवारी बंद, कुठे वेशीबाहेर गाडी लावायची, कारण आत कॅमेरे आहेत, घरी दंड येतो, सगळं बारीक अक्षरात मराठीत. मधूनच आमची नावं. 'अडीचला स्वयंपाकघर बंद होते. समीरला भूक निघत नाही, एकलाच पोचणे.' 'या बुरुजाला फार पायऱ्या. मिलिंदचा गुडघा. त्याला खाली सावलीत बसवणे.' मिलिंद म्हणाला, "च्यायला, हा माझी आई आहे का?" आम्ही पोट धरधरून हसलो.

गेल्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी पबमध्ये मिलिंदने आणि मी ठरवलं, की जुलैत खरंच जायचं. मी, माझी बायको अंजली, मिलिंद आणि त्याची स्वप्ना. फाईल त्याची घ्यायची, त्याला नाही.

"दहा दिवस त्याच्याबरोबर?" मिलिंद म्हणाला. "तो पास्त्यावर मेतकूट घालेल रे!"

मेतकुटाचं निमित्त. खरं सांगू? तो खालच्या मजल्यावरचा होता. फोटोत शोभला नसता. हे आम्ही एकमेकांना बोललोही नाही, इतकं आमचं एकमत होतं. बायकांना विचारायची गरजही वाटली नाही.

मी त्याच्याकडे फाईल मागितली. "बघतो जरा," एवढंच म्हणालो. रविवारी तो ती घेऊन आमच्या दारात आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी दुकानात गेलो होतो. दार अंजलीने उघडलं.

आता अंजलीच्या मराठीबद्दल सांगायला हवं. ती जन्मली हाउन्सलोत, मराठी शिकली आजीकडून, तेही अर्धं. गाडी तिच्याकडे 'आला', चहा 'झाली'. आणि 'आम्ही' हा शब्द तिच्याकडे नाहीच. इंग्रजीत एका शब्दात भागतं, म्हणून सगळीकडे 'आपण'. लग्नानंतर तिने माझ्या आईला पुण्याला फोन केला, "आई, आपण हनिमूनला ग्रीसला जाणार!" आई म्हणाली, "अगं, मी कशाला मध्ये? जा की तुम्ही दोघं." हा किस्सा मी किती पार्ट्यांमध्ये सांगितला असेन, त्याला गणती नाही. त्यालाही सांगितला होता.

तर दारात फाईल घेताना अंजली त्याला म्हणाली, "थँक यू काका! आपण जुलैमध्ये इटलीला जाणार! मी सेव्हन-सीटर घेतला!" विमानाची तिकिटं मी काढली होती, गाडी बुक करायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. चौघांना सात सीटची गाडी कशाला, तर वाइनची खोकी आणायला, असं मी आपलं धरून चाललो होतो.

तो मला या बोलण्याबद्दल काही म्हणाला नाही. शहाणा माणूस. यजमानीणबाईंनी बोलावलं, आता नवऱ्याकडून पुन्हा वदवून कशाला घ्यायचं?

मेअखेरीस मी आणि मिलिंद त्याच्या गल्लीतून जात होतो. त्याची जुनी गाडी फूटपाथला लावलेली, आणि हा डावीकडच्या, म्हणजे शेजाऱ्याच्या सीटवर ताठ बसलेला. हातात स्टिअरिंग नाही. डावा हात हवेत गोल फिरतोय, उजवा हात हवेतच गिअर टाकतोय, मान वळवून मागे बघतोय. इटलीत ड्रायव्हर डावीकडे बसतो ना, त्याची सवय! मिलिंदने फोन काढून व्हिडिओ घेतला. मी त्याखाली लिहिलं, 'नकाशे निघाले टस्कनीला', आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. ज्या ग्रुपवर तो नव्हता, त्या.

जूनमध्ये एका दुपारी तो कँटीनमध्ये आमच्या टेबलाशी आला. बसायच्या आधीच त्याने मीठ-मिऱ्याच्या बाटल्यांमध्ये पासपोर्ट ठेवला. निळा, भारतीय, उघडून.

"बघ समीर. मिळाला!"

"काय मिळाला?"

"व्हिसा रे! आपल्या ट्रिपचा. तीन वेळा जावं लागलं, पण दिला बुवा त्यांनी."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "ट्रिपचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वहिनी म्हणाल्या ना दारात. आपण जाणार म्हणून."

आता सांगतो, त्या क्षणी गाडीत तीन सीट रिकाम्या होत्या. रजा त्याने घेतली होती, व्हिसा हातात होता, आणि गाडी चालवायला न पिणारा माणूस आम्हाला हवाच होता. 'हो, चला' एवढं म्हणायचं होतं. तीन अक्षरं. आणि मी हसलो.

"अहो, तिला कुठे मराठी येतं! तो हनिमूनचा किस्सा सांगितला होता ना? तिला 'आम्ही' म्हणायचं होतं. आम्ही." दुसऱ्यांदा मी ते सावकाश म्हणालो, पहिलीतल्या पोराला बाराखडी सांगावी तसं. मिलिंदला चहाचा ठसका लागला. पलीकडच्या टेबलावर दोन मराठी पोरी होत्या, त्या खाली बघून हसल्या.

"हां हां," तो म्हणाला. "बरोबर. आम्ही. व्याकरण आहे." मग पासपोर्ट उचलत, "सेव्हन-सीटर म्हणाल्या, म्हणून मला वाटलं."

"वाइनची खोकी आहेत हो," मी म्हणालो.

त्याने पासपोर्ट मिटला, प्लास्टिकच्या कव्हरात घातला, बाटल्या जागच्या जागी ठेवल्या. वाटलं, आता फाईल परत मागेल. दुसऱ्या दिवशी तो माझ्या डेस्कशी आला आणि एक कागद ठेवला. "पान बारावर दुरुस्ती आहे. तो पूल बंद झालाय. तुम्ही डावीकडून वळसा घ्या." त्याच्या तोंडून या ट्रिपबद्दल 'तुम्ही' मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर दुसरं काही ऐकलंच नाही.

जुलैत हीथ्रोवर चेक-इनच्या रांगेत अंजलीने मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं.

"काका कुठेय? लेट होणार तो."

"ते येत नाहीयेत. आपण चौघंच."

"व्हॉट? मी त्याला बोलली होती ना, आपण जाणार!"

"तुझं 'आपण' म्हणजे 'आम्ही' ना," मी म्हणालो.

"नाही!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की रांगेतली माणसं वळली. "आपण. विथ हिम! त्याचाच फाईल आहे! सेव्हन-सीटर मग कशाला घेतला मी?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती आमच्या. सहा वर्षांत तिने हा शब्द एकदा अचूक वापरला, आणि नेमकी तेव्हाच मी चूक दुरुस्त केली. फोन हातात होता. त्याला कळवता आलं असतं. बॅग पट्ट्यावर ठेवायची वेळ आली, आणि मी बॅग ठेवली.

पिसाला उतरल्यावर अंजलीने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव," म्हणाली. दहा दिवस. जिथे तिथे माझा ग्लास पालथा. मिलिंद घोट घेऊन डोळे मिटायचा आणि मी पाणी प्यायचो.

सिएनाच्या अलीकडे, पांढऱ्या खडीच्या रस्त्याच्या टोकाला एक द्राक्षांचा मळा होता. पान तेवीस. मालकीणबाई सत्तरीच्या, कमरेला एप्रन. झाडाखाली टेबल मांडलेलं, त्यावर पाच ताटं. फोनवर मी चार सांगितली होती. त्या म्हणाल्या, छे, पत्रात पाच लिहिलेत. वर्षभर त्या गृहस्थांची पत्रं येतात. किती छान पत्रं! मग त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "ते ड्रायव्हर कुठे आहेत? न पिणारे?"

त्यांच्या हातात एक बाटली होती. घरच्या द्राक्षांचा रस, दारू न केलेला, गेल्या हंगामात त्या माणसासाठी मुद्दाम काढून ठेवलेला.

किल्ली माझ्या हातात. सगळे माझ्याकडे बघतायत.

"मीच तो," मी म्हणालो.

बाईंनी माझे दोन्ही हात धरले, गालांना गाल लावले. ग्लास भरला. मी प्यालो. रस फार गोड होता, आणि मी दुसरा ग्लासही घेतला. लाज वाटते लिहायला. पाचव्या ताटाकडे अंजली जेवण संपेपर्यंत बघत होती.

परत आल्यावर त्याला सांगायचं वाक्य मी तयार ठेवलं होतं. 'चूक तिची नव्हती, माझी होती. ती 'आपण'च म्हणाली होती.' पण ते बोललो, तर त्याला कोणी वगळलं, हेही सांगावं लागणार. म्हणून राहिलं. कँटीनमध्ये तो खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागला, एकटा, बाटल्यांना हात न लावता. ट्रिप कशी झाली, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मार्चमध्ये त्याने नोकरी सोडली. एडिनबराला त्याची पुतणी असते, तिच्याजवळ राहायला निघाला. शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये केक कापला, कागदी बशा वाटल्या. मी चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी उभा राहिलो. इतर कोणी उभं नव्हतं.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं. "मराठी सुधारलं का त्यांचं? 'आम्ही' म्हणायला लागल्या?"

जिभेवर होतं. अगदी जिभेवर.

"हो," मी म्हणालो. "सुधारलं."

"छान छान."

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "एडिनबरा काय, चार-पाच तासांवर तर आहे. आपण भेटू या एकदा. सगळे."

"हो, हो," तो म्हणाला. अगदी मनापासून, हसून. "भेटा ना तुम्ही."

आणि चमच्याने चहातली साखर ढवळू लागला.