कारणाचा रकाना

हेमंत गेल्याचं कळलं तेव्हा मी ॲडम्सटाउनच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. "शिरीषभाऊजी, हेमंत गेला हो..." एवढंच त्या बोलल्या. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गेली. मी तिथेच उभा. खोटं कशाला बोलू, दुःख नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता तो मला विचारणार नव्हता. काय विचारणार नव्हता, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. नाहीतर चार गोड आठवणी लिहून मोकळं होणं मला सहज जमलं असतं.

हेमंत सबनीस मूळचा खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, आणि पोरगाही त्यांच्यावरच गेला. इथे आयर्लंडमध्ये आम्ही बारा वर्षं एकाच कारखान्यात होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या बारीक नळ्या तिथे बनतात. मी त्या बनवण्याच्या बाजूला, तो तपासण्याच्या. म्हणजे भांडण ठरलेलंच. तिथल्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं, सही करायची आणि कागद तपासणाऱ्याकडे द्यायचा. मी घाईत कारण लिहायला विसरायचो आणि हा टेबलापलीकडून कागद माझ्याकडे परत सरकवायचा.

"अरे, हात घसरला. लिही ना तूच!" मी वैतागायचो.

"ज्याने केलं त्यानेच लिहायचं. मी फक्त खाली सही करणार," तो शांतपणे म्हणायचा. त्या शांतपणाचा मला भयंकर राग यायचा.

असा हा माणूस जुन्या लष्करी रायफली जमवतो म्हटल्यावर मी त्याची यथेच्छ टर उडवली होती. ज्याच्या हातून डास मरत नाही, त्याच्या घरात बंदुका! महायुद्धांत वापरलेल्या, मग सैन्याने मोडीत काढलेल्या आणि कायमच्या निकामी केलेल्या रायफली तो रीतसर परवाना काढून घ्यायचा. गोळी झाडण्यात त्याला काडीचा रस नव्हता. त्याला त्या वाचायच्या असायच्या. नळीवर, बोल्टवर, लाकडाच्या आत, जागोजागी आकडे आणि शिक्के ठोकलेले असतात. आकडे जुळले तर रायफल एका जन्माची, नाहीतर चार ठिकाणचे तुकडे जोडलेली. डोळ्याला भिंग लावून आणि विजेरी आडवी धरून तो तासन्‌तास बसायचा आणि वहीत नोंदी करायचा. भाग, खूण, बदल, कारण, दोन सह्या... कारखान्यातले रकाने इथेही. दुसरी सही आम्हा मित्रांपैकी कुणाची तरी घ्यायचा. एखादा रकाना रिकामा असेल तर त्यात आडवी रेघ मारायचा, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.

दरवर्षी खंडेनवमीला आम्ही त्याच्या घरी जमायचो. चादरीवर रायफली, त्याचं मोजमापाचं व्हर्नियर, माझा लॅपटॉप, वहिनींच्या सुऱ्या आणि शिवणयंत्र. झेंडू मिळाला नाही तर शेवंतीवर भागवायचं.

गेल्या वर्षी नवरात्रात तो टॅलाच्या हॉस्पिटलात होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर फार पुढे गेलेला. फोनवर मात्र कसा आहेस विचारलं की इथल्या लोकांसारखं, सगळं झकास असल्यागत "ग्रँड!" भरती व्हायच्या दोन दिवस आधीच एक नवी रायफल घरी आली होती. आपल्याकडच्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, इथल्या गावाकडच्या कुणा म्हाताऱ्याच्या संग्रहातली. पूजा चुकू नये असं वहिनींना वाटत होतं. त्यांनी रायफलींच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि त्या हॉस्पिटलात गेल्या. आधीच्या दोन रायफली नीट होत्या. ही मात्र काळी, चिकट, हात लावावासा वाटू नये अशी. आपल्याकडे सणाला मळकं काही ठेवत नाहीत, देवाची भांडीसुद्धा चिंचेने लख्ख करतात. मी गाडीतून बारीक सँडपेपर आणला आणि मागच्या अंगणात दोन तास बसून तिचा लाकडी दस्ता घासला. वर जवसाचं तेल चोळलं. आतून तांबूस, सुंदर लाकूड निघालं. हेमंत खूश होईल म्हणून मीच खुशीत होतो.

दसऱ्याला त्याला घरी सोडलं. पार वाळला होता. पूजेपुढे बसून त्याने ती रायफल मांडीवर घेतली, दस्त्याच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला. थांबला. विजेरी मागितली, आडवी धरली. पुन्हा अंगठा फिरवला...

"शिरीष, हिला कुणी काही केलं का?"

त्याचा चेहरा पाहिला आणि माझी जीभ परस्पर बोलून गेली. "नाही रे. फडक्याने पुसली, तेलाचा हात दिला. बस्स."

"इथे अक्षरं होती," तो म्हणाला. "चाकूच्या टोकाने कोरलेली. आपली, देवनागरी. स, ख... पुढचं लागत नव्हतं. फोटोत उमटलं नाही. म्हटलं, घरी आलो की कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेऊ. आपल्यातला कुणीतरी होता रे. त्याचं एवढंच उरलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भास झाला असेल मला. औषधंच तसली आहेत."

"होतं असं," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांची मला आजही किळस येते. केसाएवढा फरक पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला लाकडाचा बदललेला रंग दिसला नसेल? पण तेव्हा मला तेवढीही अक्कल नव्हती. पुढचे पाच महिने मी दर रविवारी जायचो. वहिनी चहा करायला आत गेल्या की तो हटकून तो विषय काढायचा. "भासच असेल, नाही का रे?" मी मान डोलवायचो आणि क्रिकेटचं काहीतरी बोलायचो. शेवटच्या भेटीत उशीला टेकून म्हणाला, "एक नोंद अपुरी राहिलीय रे." मला वाटलं कारखान्याचंच काहीतरी. "सोड ते आता," म्हणालो. त्याने डोळे मिटून घेतले. पाचव्या दिवशी तो गेला.

तेरावा झाल्यावर वहिनींनी बोलावलं. रायफली परवानाधारक विक्रेत्याकडे सोपवायच्या होत्या. "तो विक्रेता, युअर मॅन, सोमवारी येतोय. त्याआधी यादी ताडून द्याल? वही तुमच्याच हातात द्यायची, असं हेमंत म्हणाला होता." जेवणाच्या टेबलावर मी एकेक आकडा ताडत गेलो. तिसऱ्या रायफलीचं पान आलं. अक्षर थरथरतं, पण त्याचंच. तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

'दस्ता, खालची बाजू. खूण: स, ख, पुढील अक्षरे न लागलेली. बदल: अक्षरे नाहीत. स्क्रूच्या खाचेत लाकडाचा ताजा भुसा. कारण:'

पुढे कोरं. करणाऱ्याची सही, कोरी. तपासणाऱ्याची सही, कोरी. अख्ख्या वहीत एकही रकाना त्याने उघडा सोडला नव्हता. इथे रेघ मारली नव्हती. माझ्यासाठी जागा ठेवली होती आणि पाच महिने वाट पाहिली होती.

वहिनींना मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "एकदा म्हणायचं होतंत, भाऊजी," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पेन काढलं. कारण: सणासाठी लख्ख दिसावी म्हणून मी दस्ता सँडपेपरने घासला. विचारलं तेव्हा खोटं बोललो. खाली तारीख घातली, सही केली, आणि बारा वर्षांच्या सवयीने वही टेबलापलीकडे सरकवली.