स्वतंत्र सल्लागार

मॅनेजमेंट कॉलेजच्या मासिकात माजी विद्यार्थ्यांची खबरबात बाई बावीस वर्षं लिहीत होत्या. खबरबात कसली, नुसती रंगरंगोटी! नोकरीवरून हाकललेला माणूस बाईंच्या हातून 'स्वतंत्र सल्लागार' होऊन बाहेर पडायचा. सासऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला जावई 'कौटुंबिक उद्योगाची धुरा' सांभाळायचा. सगळे खूश, कारण अंक हातात पडला की जो तो फक्त आपलं नाव शोधायचा आणि उरलेला अंक चहाच्या कपाखाली घालायचा.

यंदा नवे संचालक आले, तेही इथलेच माजी विद्यार्थी. आल्या आल्या त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, पुढच्या महिन्यापासून तुमचं काम कॉम्प्युटर करेल. जाता जाता तुमची बातमीही तुम्हीच लिहा ना. 'नव्या वाटेवर' वगैरे. छान जमतं तुम्हाला."

"लिहिते की," बाई म्हणाल्या.

त्यांनी एका बैठकीत शेवटचं पान लिहून टाकलं: "बाईंना संचालकांनी काढून टाकलं. हेच संचालक नोकरी जाऊन तीन वर्षं घरी बसले होते, तेव्हा त्यांना स्वतंत्र सल्लागार बाईंनीच केलं होतं."

छपाईआधी अंक सहीसाठी संचालकांच्या टेबलावर गेला. त्यांनी पहिल्या पानावरचा स्वतःचा फोटो निरखला, खालच्या नावावरून बोट फिरवलं, "वा, झकास!" म्हणाले आणि सही ठोकली.