ग्रुपमधला न बोलणारा

विदोसावाचा, म्हणजे आमच्या विदाचा, कुणावर म्हणून विश्वास नव्हता. निश शहरातल्या वसतिगृहात तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, तरी बाहेर जाताना ती दह्याच्या बाटलीवर पेनानं खूण करून जायची. अभ्यासाच्या ग्रुपवर कुणी उत्तर टाकलं की ही पुस्तक उघडून ओळ न् ओळ तपासणार. चूक सापडली की बाईसाहेब खूश. "बघ, मुद्दाम चुकीचं टाकलंय. आपण बुडावं म्हणून." मग बरोबर उत्तर स्वतः टाकायची.

औषधशास्त्राची तोंडी परीक्षा ही तिची शेवटची संधी होती. नापास झाली असती तर सरकारी खर्चाची जागा गेली असती. आमच्याकडे टेबलावर प्रश्नांच्या पालथ्या चिठ्ठ्या असतात, त्यातली एक उचलायची. बाहेर आलेल्यानं घरी फोन करायच्या आधी आपले प्रश्न ग्रुपवर टाकायचे, हा आमचा नियम. सरांना कळलं तर ते चिठ्ठ्याच बदलतील, त्यामुळे ग्रुपमध्ये कोण आहे, याची धाकधूक असायचीच.

"हा रादिसाव कोण गं?" विदानं एकदा विचारलं. "वर्गात कधी दिसला नाही. फोटो झाडाचा. चकार शब्द बोलत नाही, वाचतो मात्र सगळं. सरांचा माणूस आहे, लिहून घे."

"तुला काय, कोपऱ्यावर गरम बुरेक-पॅटिस विकणारी बाईसुद्धा सरांचीच वाटते."

"हस तू. चिठ्ठ्या बदलल्या की रडशील."

खरं सांगते, मीही घाबरले. ग्रुप मीच सांभाळत होते. एका शब्दानं न विचारता मी त्याला काढून टाकलं.

परीक्षा अचानक एक दिवस अलीकडे आली. विभागाच्या दारावर लावलेल्या सूचनेचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला, म्हणून आम्ही वेळेवर पोचलो. विदाला दहापैकी आठ मिळाले.

दुसऱ्या दिवशी गुणांच्या वहीवर सही घ्यायला गेलो, तर बंद दारासमोर कारखान्याचं जाकीट घातलेला एक जण उभा. "परीक्षा इथंच ना? मी रादिसाव, पिरोतहून आलोय."

"वही दाखव," विदा म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं दाखवली. वहीतला फोटो त्याचाच होता. या विषयात तोही दोनदा नापास झालेला.

"परीक्षा काल झाली," मी म्हणाले.

तो पायरीवर बसला. "मला कुणीतरी ग्रुपमधून काढलं. माझंच काही चुकलं असेल, म्हणून विचारलं नाही."

"मग कधी बोलत का नव्हतास?" विदाची उलटतपासणी चालूच.

"मशीनवर फोन धरू देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत नुसता वाचायचो. तेही एका विदोसावाचीच उत्तरं, ती तपासून टाकते म्हणून. तुम्ही ओळखता का तिला?"

"नाही," विदा म्हणाली.

मला लाज वाटली. पण मीही गप्पच राहिले.