राखून ठेवलेला नमस्कार

माझ्या नवऱ्याची, समीरची, पँट अजून गाडीच्या मागच्या सीटवर पडून आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी ती दोन इंच आखूड करून घ्यायला मी फ्रीमाँटमधल्या इमोच्या दुकानात गेले, तर दारावरची 'बंद'ची पाटी बाहेर वळवलेली... आणि आत मात्र दिवा चालू. काचेवर टकटक केलं. इमोऐवजी तिचा मुलगा डॅनियल बाहेर आला, हातात दोऱ्याच्या रिळांचं खोकं. मला पाहून त्याने ते खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॉम पास्ड अवे ऑन ट्यूज्डे. इन हर स्लीप. आय वॉज गोइंग टु कॉल यू." मी पँट छातीशी धरून तशीच उभी राहिले. दोनच आठवड्यांपूर्वी तिने मला बजावलं होतं, की कोरियन नवं वर्ष जवळ आलंय, यंदा नवऱ्यालाही घेऊन ये, आणि त्याचं पोट सुटलं असेल तर त्याच्या पँटीही आण.

इमो म्हणजे कोरियनमध्ये मावशी. अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी ती मिसेस चो होती. कपडे आखूड-लांब करून द्यायचं तिचं एका खोलीचं दुकान, किराणा दुकान आणि डेंटिस्ट यांच्यामध्ये दाटीवाटीने बसवलेलं. नवरा गेल्यावर मुलाला तिने त्या शिवणयंत्रावरच वाढवलं. पण त्याआधी, तरुणपणी, ती सोलमधल्या एका मोठ्या कचेरीत साहेबांची सेक्रेटरी होती. कुणी कुठे बसायचं, कुणाच्या पेल्यात कुणी ओतायचं, व्हिजिटिंग कार्ड कसं घ्यायचं, हे सगळं तिला तोंडपाठ. ते ज्ञान इतकी वर्षं टाचण्यांच्या डबीशेजारी नुसतं पडून होतं, आणि मग २००२ साली मी त्या दुकानात शिरले.

ते साल आमच्यासाठी वाईट होतं. समीरची नोकरी गेली होती आणि तो माझ्या व्हिसावर आला होता. म्हणजे माझी नोकरी गेली असती, तर आम्हा दोघांनाही गाशा गुंडाळून सांगलीची वाट धरावी लागली असती. मी नुकतीच एका कोरियन कंपनीच्या इथल्या ऑफिसात लागले होते. सोलहून नवे डिरेक्टर आले होते, मिस्टर हान. त्यांच्यासोबत टीमचं जेवण ठरलं, म्हणून ब्लेझरच्या बाह्या कमी करायला मी तिच्याकडे गेले. तोंडात टाचण्या धरून ती विचारू लागली, वय काय? लग्न झालंय का? मग मूल का नाही? माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली कॅरन असती तर तडक बाहेर पडली असती. मला मात्र कुणा लांबच्या आत्याकडे आल्यासारखं वाटलं, आणि मी सगळी उत्तरं देऊन टाकली. "गुड," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसातही विचारतील. रागावू नकोस. वय कळल्याशिवाय तुझ्याशी कसं बोलायचं, हे त्यांना कसं कळणार?"

ब्लेझर परत घ्यायला गेले तोवर मी घोळ घालून बसले होते. मी मुळातच जिभेने फटकळ. सगळ्या टीमपुढे, सोलची माणसं फोनवर ऐकत असताना, मिस्टर हान यांच्या स्लाइडवरचा एक आकडा चुकलाय असं मी ठणकावून सांगितलं. मिस्टर हान "थँक यू" म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. त्यानंतर दहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर त्यांची सही हवी होती, आणि ती फाइल त्यांच्या टेबलावर जशीच्या तशी होती. इमोने बाह्या नीट बसल्यात का म्हणून मला आरशापुढे उभं केलं, आणि मी रडायलाच लागले.

"आकडा खरंच चुकला होता?" तिने सगळं ऐकून विचारलं.

"खरंच चुकला होता."

"सो, यू राइट. बट व्हाय राइट इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी?"

मी तावातावाने म्हटलं, की अमेरिकेत असंच बोलायला शिकवतात, स्पष्ट बोला, सगळ्यांसमोर बोला. ती शांतपणे ब्लेझरची घडी घालत राहिली. "अमेरिका तुमच्या पार्किंग लॉटमध्ये संपते," ती म्हणाली. "दाराच्या आत कोरिया आहे."

मग तिने मला नेमकं काय करायचं ते सांगितलं. उद्या सगळ्यांच्या आधी ऑफिसला जा. बरोबर आकड्याचा कागद छापून ने. एकट्याला भेट, दोन्ही हातांनी कागद दे, आणि सांग की मी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. मी फणकारले, चूक त्यांची आणि माफी मी का मागू? "चूक त्याची, घाई तुझी," ती म्हणाली. "घाईची माफी माग." तिथल्या तिथे मला कागद द्यायला लावला. माझे हात पाहून तिला नवल वाटलं, कारण ते पहिल्याच झटक्यात जमलं. देवळात तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो, तसेच तर धरायचे होते. मी तिला तीर्थ म्हणजे काय ते समजावलं. "मग तुला सगळं येतंच की," ती म्हणाली, "फक्त ते ऑफिसातही न्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर हान यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. आणि जेवणाच्या दिवशी माझ्या पेल्यात त्यांनी स्वतः संत्र्याचा रस ओतला. पेल्यात काही टाकायचं नाही ही आईची शिकवण, म्हणून मी तो संपवला. त्यांनी पुन्हा भरला. मी पुन्हा संपवला. कोरियन माणसाला रिकामा पेला दिसला की तो भरावाच लागतो, हे इमोने मला नंतर सांगितलं, तोवर सहा पेले रस माझ्या पोटात गेला होता! पण त्या दिवशी मिस्टर हान पहिल्यांदा हसले. नाताळच्या सुट्टीआधी सही झाली, आणि मी गाडीत बसून समीरला फोन केला.

पुढे फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष आलं. त्या दिवशी वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून, कपाळ जमिनीकडे नेत नमस्कार करतात, हे तिनेच सांगितलं होतं. मी फुलं घेऊन तिच्या घरी गेले. निघण्याआधी आईशी फोनवर बोलले, तर ती म्हणाली, "त्यांनी तुमचा संसार वाचवला गं. माझाही नमस्कार सांग त्यांना." आमच्या घरी, जो आला नाही त्याचा नमस्कार आलेल्याने वाकून करायचा अशी रीत आहे. तेव्हा इमोने खाली बसकर घातलं, आणि मी एकदा नमस्कार केला, उठले, आणि पुन्हा वाकले.

"नो! नो!" ती किंचाळलीच. डॅनियलच्या हातातली बशी पडता पडता राहिली. दोनदा नमस्कार मेलेल्या माणसाला करतात, जिवंताला एकच! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी चाचरत सांगितलं, एक माझा, आणि एक सांगलीहून आईचा... इमोचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती खो खो हसू लागली. "आईला सांग, तिने स्वतः यायचं आणि स्वतः करायचा," ती म्हणाली. "आणि तुझा मला एकच. दुसरा राखून ठेव. लागेल तेव्हा मागेन."

तेव्हापासून दरवर्षी मी खाली वाकले, की ती बोट वर करून मोठ्याने म्हणायची, "एक!" तो आमचा सणच झाला. चौथ्या वर्षी आई खरोखर आली. वाकताना तिचे गुडघे कुरकुरले, तर इमोने तिला अर्ध्यातच धरून वर उठवलं आणि स्वतःच तिच्यासमोर वाकली. एकीला मराठी, दुसरीला कोरियन. तरी दोघी दुपारभर माझ्या ब्लाउजच्या शिलाईला नावं ठेवत होत्या. आई अजून म्हणते, तिथे मला एकच मैत्रीण मिळाली.

इमोला निरोप चर्चमध्ये दिला गेला. एकेकाने पांढरं फूल ठेवायचं आणि मान लववून पुढे जायचं. मागे रांग होती, जमिनीवर वाकायला जागा नव्हती, मीही फूल ठेवून बाजूला झाले. बाहेर आल्यावर डॅनियलने एक पिशवी माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. आत ते बसकर होतं. पँटींच्या कापलेल्या तुकड्यांचं, तिने स्वतः शिवलेलं. एका कोपऱ्यात माझ्या ब्लेझरच्या बाहीचा करडा तुकडा आहे, तो मला तेव्हाच पहिल्यांदा दिसला.

मागच्या शनिवारी नागपूरची मृण्मयी घरी आली होती. आमच्या ऑफिसात नवीन लागली आहे, हुशार आणि अगदी माझ्यासारखी फटकळ. तिनेही सगळ्यांसमोर कुणाची तरी चूक काढली होती. "मॅनेजर बोलतच नाही यार ताई, माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय," असं म्हणत मुसमुसत होती. मी तिला जेवायला घातलं, तिच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, की अमेरिका पार्किंग लॉटमध्ये संपते. बुधवारी मी घरूनच काम करत होते, तेव्हा तिचा फोन आला. "ताई, कागद घेतला त्यांनी! दोन्ही हातांनी! आणि लंचला बोलावलंय!" मी म्हटलं, "पेला रिकामा करू नकोस हं."

फोन ठेवला. दुपारचं ऊन हॉलभर आलं होतं, आणि ही बातमी इमोला सांगायला हवी असं फार वाटलं. यंदाचं नवं वर्ष तर तसंच निघून गेलं होतं. मी बसकर घातलं, गुडघे टेकले आणि वाकले. आणि सवयीने तशीच थांबले, डोकं खाली, कान वर, तिच्या "एक!"ची वाट बघत... कुणीच मला अडवलं नाही. मी उठले, हात जोडले आणि पुन्हा वाकले.