लेकीच्या घरचं पाणी

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मोखाडा तालुक्यात समुद्र नसताना एक बेट होते. आणि त्या बेटावर मी माझ्या जन्मदात्यांना उपाशी ठेवले अशी जी वदंता आमच्या माहेरी आजतागायत चालू आहे, ती धादांत खोटी आहे. दोघंही दोन्ही वेळा जेवत होती. वाढीव घेऊन जेवत होती. शपथेवर सांगते.

तेव्हा आमचा भाग ठाणे जिल्ह्यात मोडायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझा नवरा ग्रामसेवक, आणि त्याला मिळालेलं गाव असं की एका अंगाला नदी, उरलेल्या अंगांना तिला जाऊन मिळणारा ओढा. नदीवर बुटका फरशीपूल. पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की जीप बंद, जीप बंद की जग बंद. गावाला त्याचं काही वाटत नसे. ज्येष्ठातच मीठ, काड्यापेट्या, रॉकेल भरून ठेवायचं आणि पुढे नदीची मर्जी. नदीच्या मधोमध एक काळा खडक होता, त्याला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारीचे खांदे दिसले तर जीप येते. नुसतं डोकं दिसलं तर वरच्या अंगाला दोर बांधून ट्रकच्या टायरच्या ट्यूबवरून माणसं जातात. डोकंही दिसेनासं झालं तर घरी बसून जाळी विणायची. लग्न होऊन आल्यावर मी आधी ही म्हातारी वाचायला शिकले, मग चूल फुंकायला.

मी डी.एड. झालेली. शेतकऱ्याची मुलगी, सिन्नरकडची, घरातली पहिली शिकलेली. बाबांनी गावभर सांगून ठेवलेलं, माझी पोर मास्तरीण होणार. बेटावर राहून नोकरी शोधणं मात्र मोठा गमतीचा प्रकार असतो. वर्तमानपत्र यायचं ते जीपवाल्याच्या भाजीभोवती गुंडाळून. वांगी सोडवावीत, कागद सरळ करावा आणि वाचावं की शिक्षिका पाहिजेत, अर्जाची मुदत मागच्या मंगळवारी संपली. जव्हारच्या प्रकल्प कार्यालयातल्या शिपायाला मी इतक्यांदा भेटले की तो मला बघून स्वतःच म्हणायचा, "बाई, नाही आली अजून जाहिरात. चहा घेता?" बालमृत्यूंचा बोभाटा झाल्यापासून डोंगरात नव्या शाळा, नव्या योजना, साहेबांच्या गाड्या यांची रीघ लागली होती. नोकऱ्या होत्या. फक्त त्या नदीच्या पलीकडच्या काठावर होत्या.

दोन वर्षांनी वांगी वेळेवर आली. जव्हारजवळच्या एका खासगी आश्रमशाळेत जागा होत्या. अर्ज गेला, मुलाखतीचं बोलावणं आलं. मूळ प्रमाणपत्रं आणावीत. आणि माझी मूळ प्रमाणपत्रं कुठे होती, तर माहेरी, बाबांच्या ट्रंकेत, नॅप्थॅलीनच्या गोळ्यांच्या सान्निध्यात. बाबांचा टपालावर विश्वास नव्हता. जावयावर होता, पण कागदांच्या बाबतीत नव्हता. तेव्हा ते स्वतः निघाले, आणि लेकीचा संसार बघायचा म्हणून आईही निघाली.

आता इथे एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्याकडे नेम असा की मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी अन्नाला हात लावायचा नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. बाकीच्यांनी तो कधीच सैल केला होता. बाबांनी नाही. म्हणून ते आले ते दशम्यांचं फडकं, चटणीचा डबा आणि पाण्याचा कॅन घेऊन. सकाळच्या एस.टी.नं मोखाडा, तिथून जीप, कागद द्यायचे, तासभर बसायचं, संध्याकाळी परत. असा बेत.

ते आले त्या दुपारी म्हातारी बुडाली.

नवरा सभेला मोखाड्याला गेलेला, तो पलीकडे अडकला. अलीकडे मी, आई, बाबा, आणि शेजारची मावशी, जी दाराशी उभी राहून माझे पाहुणे असे बघत होती जसे काही सर्कशीतले.

पहिल्या रात्रीपर्यंत दशम्या पुरल्या. सकाळी कॅन संपला. मी तांब्या भरून पुढे ठेवला. बाबांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला, उठले आणि स्वतःचं फुलपात्र घेऊन पागोळीखाली उभे राहिले.

"हे देवाचं पाणी," ते म्हणाले.

"पण पत्रा जावयाचा ना?" आई म्हणाली.

"पत्रा ग्रामपंचायतीचा आहे. मी विचारून घेतलंय."

पाण्याची सोय झाली. पोटाची राहिली. बाबांनी त्यावरही तोड काढली. श्रावण चालू होता, उपवासांना तोटा नव्हता. सोमवार झाला, मंगळवार आईच्या माहेरच्या देवीचा काढला, बुधवारी मात्र त्यांना देव आठवेना. ते भिंतीला टेकून बसले आणि मला रागवायला लागले, म्हणजे भूक खरी होती.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आजही तिच्या आठवणीनं मला गुदगुल्या होतात.

आमच्या भागात वरई पिकते. गरिबाचं रोजचं अन्न. घाटावर तिलाच भगर म्हणतात आणि उपवासाला खातात. मी मागच्या खोलीत, माझ्या चुलीवर, माझ्या डब्यातली वरई शिजवली, दाण्याची आमटी केली आणि मागच्या दारानं मावशीच्या घरात नेऊन ठेवली. मावशीला सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे शिजवाचं तू, आणि पुण्य मला?"

"हो."

"मंग दे."

तिनं डोक्यावरून पदर घेतला, ताटं उचलली आणि पुढच्या दारानं आत आली, एखाद्या राणीसारखी. "पाव्हणं, आमच्याकडची भगर गोड करून घ्या."

मला धाकधूक होती. मावशी वारली जमातीची, आणि आमच्या गावी बाबा असल्या घरात उंबऱ्याच्या आत गेले नसते. पण दोन नेम समोरासमोर आले की भूक मध्यस्थी करते. बाबांनी हात धुतले, डोळे मिटले, पहिला घास घेतला. मग मला हाक मारली.

"बाई, हिच्या हाताला चव आहे. जरा शीक हिच्याकडून."

मावशी मान खाली घालून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

मग रोज हाच प्रयोग. सकाळ-संध्याकाळ, मागच्या दारानं बाहेर, पुढच्या दारानं आत. उपवासाचा आव सुटला आणि नागलीची भाकरी, कुर्डूची भाजीसुद्धा मावशीच्या नावावर खपली. बाबा तिच्याशी शेतीच्या गप्पा मारू लागले. आई मात्र काही बोलत नसे. हळूहळू खायची, ताटाकडे बघत. मला वाटायचं, प्रवासानं दमलीय.

मुलाखतीचा दिवस उजाडला. पहाटेच मी काठावर जाऊन आले. म्हातारीचं डोकं दिसत होतं. खांदे नव्हते. म्हणजे जीप नाही, पण ट्यूब चालू होणार. मी त्याआधी एकदा ट्यूबवरून गेले होते, मावशी तर गरोदरपणात गेली होती. पलीकडे नवरा जीप घेऊन थांबलेला, हातवारे करत होता. मी घरी येऊन साडी खोचली, कागदांवर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या चढवल्या.

बाबा दारात बसले होते. बाजूला झाले नाहीत.

"कुठे?"

"मुलाखत आहे ना, बाबा. तुम्हीच तर कागद आणलेत."

"त्या रबरावर बसून? कागद भिजले तर?"

मला वाटलं ते थट्टा करतायत. मी पिशव्या दाखवल्या.

"बरं, कागद नाही भिजणार," ते म्हणाले. "आणि आमचं काय?"

"तुमचं काय, बाबा?"

"शेजारीण आज लावणीला जाणार, काल तीच सांगत होती. तू निघालीस. मग दुपारी कोण देणार? तुझ्या आईनं जावयाच्या डब्यात हात घालायचा? त्याच्या चुलीवर रांधायचं? इतके दिवस सांभाळलेला नेम आज मोडायचा, एका मुलाखतीसाठी?"

मी आईकडे बघितलं. खरं सांगायचं तर ओठांवर आलं होतं सगळं. पण बाबांना कळलं असतं तर नदी उतरेपर्यंत त्यांनी घास घेतला नसता, त्यांना मी ओळखत होते. आणि उपाशी राहणं त्यांना झेपत नाही, हे बुधवारीच दिसलं होतं. माझंच नाटक, आणि त्याचा पडदा माझ्याच डोक्यावर. आई काहीतरी म्हणेल असं वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. ती चुलीकडे बघत होती.

"शाळावाल्यांनाही दिसते की नदी," बाबा समजुतीनं म्हणाले. "पुढची तारीख देतील. माणसंच आहेत ती."

काठावरून मला हाक आली, दोनदा. मग ट्यूब गेली. मी साडीचा खोचा सोडला आणि वरई धुवायला घेतली. मावशीनं लावणीवरून दुपारी येऊन, चिखलाच्या पायांनी, ताट आत नेलं. बाबांना त्या दिवशीची आमटी विशेष आवडली.

दोन दिवसांनी म्हातारीचे खांदे दिसले. पहिल्या जीपनं नवरा आला. बूट हातात, चेहरा पडलेला. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. मुलाखत झाली. जागा तीन होत्या, बाया आल्या दोन. दोघींनाही घेतलं.

"आणि तिसरी?"

"थांबले होते म्हणे तुझ्यासाठी. चहा झाला, मग उठले."

ती जागा पुढे भरलीच नाही, काही महिन्यांनी रद्द झाली. त्यानंतर जाहिराती आल्या, गेल्या, वयाची अट आली, गेली. मी मास्तरीण झाले नाही. आज जव्हारात माझं शिवणाचं दुकान आहे आणि पोरी माप द्यायला येतात तेव्हा मी त्यांना हे सगळं हातवारे करून सांगते. बाबांच्या पागोळीच्या प्रसंगाला त्या हसून वाकतात. मीही हसते. तिसऱ्या जागेपाशी आले की मी सुईत दोरा ओवायला घेते.

पण जीप अजून उभी आहे, ते राहिलं. सगळे काठावर जमलो. मावशी निरोपाला आली होती, बाबांनी तिला हात जोडले. कागदांची पिशवी त्यांनी पुन्हा आपल्याकडे घेतली, ट्रंकेत सुरक्षित राहतील म्हणून. जीपमध्ये चढून बसले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रसन्नपणे म्हणाले, "नोकरीचं मनाला लावून घेऊ नकोस, बाई. दुसरी मिळेल. नेम एकदा मोडला की मोडला. इतके दिवस राहिलो, पण लेकीच्या घरचा दाणा पोटात गेला नाही. देवानंच लाज राखली."

जीपवाल्यानं इंजिन चालू केलं. आई एक पाय फळीवर ठेवून चढत होती, ती तशीच थांबली. आमच्यासमोर, मावशीसमोर, जावयासमोर, जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्यावर आवाज चढवून म्हणाली:

"अहो, रोज हिच्याच हातचं खाल्लं आपण, मला पहिल्या घासालाच कळलं होतं, मग त्या दिवशी पोरीला अडवलं कशाला आपण?"