भाचीचा फोन मी उचलला

माझी बहीण कुडपणला दिली आहे. पोलादपूरहून घाट चढून पठारावर गेलं की फोनची रेंज जाते. त्यामुळे तिच्या सासरच्या भावकीत कोणालाही कसलाही फॉर्म भरायचा असला की पत्ता माझा महाडचा आणि मोबाईल नंबरही माझा, असा रिवाजच पडून गेला आहे. गॅसचा नंबर लावायचा असो की रेशनकार्ड आधारला जोडायचं असो, ओटीपी माझ्याकडे येतो. मी महाडला एका शाळेत लिपिक आहे. फॉर्म भरण्यावर माझा हात बसलेला आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोराही होता.

बहिणीची मुलगी आमच्या घरी राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली. निकाल लागला त्याच पावसाळ्यात शेवाळावरून घसरून बहिणीचं मांडीचं हाड मोडलं. मुलगी वर गेली ती दोन वर्षं वरच राहिली. आईला उठवणं-बसवणं, म्हशी, स्वयंपाक, सगळं तिच्यावर आलं. आई काठी टेकत चालू लागली तेव्हा ती मला म्हणाली की आता तिला लॅबमधली नोकरी बघायची आहे, जमलं तर महाडच्याच एमआयडीसीत, म्हणजे सुट्टीला घरी जाता येईल. भावोजींनी तिला शिमग्यापर्यंतची मुदत दिली. शिमग्याला मुंबईकर गावी येतात. तोवर काही जमलं नाही तर तिने चुलत्याबरोबर मुंबईला जायचं आणि त्याच्या ओळखीने कपड्यांच्या दुकानात कामाला लागायचं, असं ठरलं. भावोजी वाईट माणूस नाहीत. शिकलेली पोर घरात बसून राहिली तर तिचंच नुकसान, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी तिला म्हणालो, तू काळजी करू नकोस, अर्जांचं मी बघतो.

नोकरीच्या एका साइटवर मी तिचं खातं उघडलं. माहिती एकदाच भरायची आणि मग प्रत्येक जाहिरातीखाली 'क्विक अप्लाय'चं बटण दाबत सुटायचं. दाबलं की हिरवी खूण येते. शाळा सुटल्यावर चहा पिता पिता मी खुणांची रांग लावायचो. कंपनी कोणती, पद कोणतं, हे वाचायच्या भानगडीत पडायचो नाही. पुणे, वापी, हैदराबाद, जे समोर येईल ते. माहिती भरताना मधली दोन वर्षं मोकळी दिसत होती, तिथे मी संगणक कोर्स लिहून टाकला. म्हशी राखल्या असं कोणी लिहितं का, असं मला वाटलं. दिवसाकाठी वीसेक अर्ज गेले की आपण भाचीसाठी पुष्कळ केलं, अशा समाधानात मी झोपायला जायचो.

ती शनिवारी खाली यायची. एकदा माझ्या खांद्यावरून बघत तिने शांतपणे विचारलं, "मामा, बॉयलर चालवायला मी जाऊ का?" मी हसण्यावारी नेलं. चार ठिकाणी खडा टाकला की कुठेतरी लागतोच, असं तिला सांगितलं.

संक्रांतीच्या सुमाराला एक खडा लागला. दुपारी शाळेत डबा खात असताना फोन आला. एमआयडीसीतल्या एका कंपनीतून बाई बोलत होत्या. त्यांनी भाचीचं नाव घेतलं आणि तिच्याशी बोलायचं आहे म्हणाल्या. मी म्हणालो, मी तिचा मामा, माझ्याशी बोला. त्यांनी विचारलं, कोणत्या पदासाठी अर्ज केलाय? मला माहीत नव्हतं. कॉलेजात प्रोजेक्ट कशावर केला होता? तेही माहीत नव्हतं. ती आमच्याच घरात तीन वर्षं राहिली होती आणि मी कधी विचारलं नव्हतं.

मग मी घाबरलो, आणि घाबरल्यावर मला जे बोलता येतं ते बोलू लागलो. आमच्याकडे बाहेरून मुलीबद्दल विचारणा आली की मामा पुढे होऊन बोलतो. मुलगी स्वभावाने गरीब आहे, घरकामात तयार आहे, उलट उत्तर देणार नाही. त्याच सुरात मी त्या बाईंना सांगितलं की मुलगी साधी आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तुम्ही सांगाल ते करील, पगाराचं तुम्हाला योग्य वाटेल ते. आणि हवं तर मीच उद्या येऊन भेटतो, असंही म्हणालो. बरं, कळवतो, म्हणून बाईंनी फोन ठेवला.

फोन पुन्हा आला नाही. मी घरी कोणाला काही बोललो नाही.

पुढच्या शनिवारी भाची आली ती एक कंपनी निवडूनच आली. तिने नाव सांगितलं, तर ती तीच कंपनी होती, मला फोन आलेली. त्यांच्या स्वतःच्या साइटवर लांबलचक फॉर्म होता. या कामासाठी तुम्ही योग्य कशा, शिकताना काय केलं, मध्ये खंड का पडला, अशा मोठमोठ्या चौकटी. ती संध्याकाळभर त्यावर बसली. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो की एवढ्या वेळात माझे वीस अर्ज झाले असते. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वाड्यावाड्यांतल्या विहिरींचं पाणी तिने कसं तपासलं होतं, हे मी त्या संध्याकाळी तिच्या पाठीमागे उभं राहून पहिल्यांदा वाचलं. खंड पडल्याच्या चौकटीत तिने आईचं हाड मोडल्याचं आणि म्हशींचं सरळ लिहिलं होतं. हे काढून टाक, असं मी सुचवलं. तिने काढलं नाही.

काहीच उत्तर येईना तेव्हा तिने कंपनीत फोन करायचं ठरवलं. आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, फोन स्पीकरवर टाकून. मी उठू लागलो तर म्हणाली, बसा ना मामा, धीर येतो.

"हो, तुमचा अर्ज दिसतोय," त्याच बाई म्हणाल्या. "पण आधीही एक आला होता ना? त्या वेळी तुमच्या घरच्यांशी बोलणं झालंय. तुम्ही सांगू ते काम कराल म्हणाले."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, त्यातच तिला सगळं कळलं.

"मॅडम, ते माझे मामा," ती म्हणाली. "माझ्या गावात रेंज नसते, म्हणून त्यांचा नंबर होता. माझ्याशी अजून कोणाचंच बोलणं झालेलं नाही. आता दोन मिनिटं बोललं तर चालेल?"

ती दोन मिनिटं बरीच लांबली. मी उठून गॅलरीत गेलो. आतून तिचा आवाज येत होता, कधी अडखळत, कधी भरभर. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मामा, तुम्ही काय माझं लगीन ठरवत होता?"

मी जे जे बोललो होतो ते तिला सगळं सांगितलं, संगणक कोर्सचंही. तिने माझ्याकडून खात्याचा पासवर्ड घेतला, कोर्स पुसला आणि माझ्या नंबराच्या जागी स्वतःचा नंबर टाकला. कुडपणच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या पठाराच्या, एका टोकाला, दरीकडच्या अंगाला, थोडी रेंज येते. सकाळी नऊ ते दहा या वेळेत फोन करावा, असं ती त्यानंतर प्रत्येक अर्जात लिहू लागली. आठवड्याला एखादाच अर्ज करायची. माझे हात शिवशिवायचे, पण मी मध्ये पडलो नाही.

त्या कंपनीने तिला भेटायला बोलावलं. जागा मात्र भरून झाली होती, संक्रांतीनंतर लगेचच. तिथल्या साहेबांनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले की तुम्ही आधी भेटला असतात तर बरं झालं असतं. हे तिने मला दोष देण्यासाठी सांगितलं नाही. साहेब काय काय म्हणाले ते ओळीने सांगताना तेही सांगितलं. ती कंपनी माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. शाळेत जाताना त्या कंपनीची बस रोज समोरून जाते. मी त्या बसकडे बघायचं टाळतो.

शिमग्याला आम्ही कुडपणला गेलो. चुलत्याने येतानाच तिचं मुंबईचं तिकीट काढून आणलं होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात लोट्याच्या, म्हणजे महाडहून बऱ्याच लांबच्या एमआयडीसीतल्या, एका कंपनीने तिला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं, तिकिटाच्या दुसऱ्या दिवशी. पालखी घरी येऊन गेल्यावर ओटीवर विषय निघाला. चुलता म्हणाला, "असे इंटरव्ह्यू तर चालूच असतात. छोकरी इकडे किती टाइम थांबणार? दुकानवाल्याला मी जबान दिलीय." भावोजी माझ्याकडे वळले.

"मामा, तुमी सांगा. तुमी फॉर्म भरलेत. काय दम हाय का त्यात?"

रिवाजाप्रमाणे बोलायचं मीच होतं. माझ्या तोंडात शब्द तयारही झाले होते, चांगले गुळगुळीत. भाची उंबऱ्यात उभी होती.

"भावोजी, मला त्यातलं काही माहीत नाही," मी म्हणालो. "अर्ज तिने केलाय. तिला विचारा."

मामाने अंग काढून घेतलं, असाच अर्थ काहींनी लावला असणार. भावोजींनी तिला पुढे बोलावलं.

"काय काम असतं गो तिथं?"

तिने सांगितलं. माल तयार होतो तेव्हा त्याचा थोडासा नमुना लॅबमध्ये आणायचा, त्यात दुसरं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, रंग बदलला की थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून माल चांगला की वाईट ते कळतं.

"आनि येखादा थेंब जास्ती पडला तं?"

"तर तो नमुना फुकट, बाबा. दुसरा घ्यायचा."

"आनि तो पन फुकट गेला तं?"

"तर तिसरा. पण खोटं लिहायचं नाही."

भावोजींनी आणखीही विचारलं. रात्रपाळी असते का, हाताला काही लागलं तर काय करायचं, कॉलेजात हेच शिकवत होते का. ती उत्तरं देत होती. बहीण आतून काठी टेकत येऊन खांबाला टेकून ऐकत राहिली. चुलत्याने एकदोनदा घड्याळ बघितलं. शेवटी भावोजी त्याला म्हणाले, "हिचा तिकीट रद्द कर. दुकानवाल्याला मी बोलतंय."

लोट्याला जायच्या दिवशी मी तिला रिक्षाने वीर स्टेशनला सोडलं. बरोबर येऊ का, असं विचारलं. ती नको म्हणाली. गाडी गेल्यावर मी फलाटावर थोडा वेळ बसलो. लोट्याची जागा तिला मिळाली तरी ती महाडची नाही. तिथून तिला आईकडे दर सुट्टीला येता येणार नाही, आणि ते माझ्यामुळे. घरात हे कोणी बोलत नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. बहिणीचा निरोप येतो, रोज सकाळी म्हशी घेऊन ती सड्याच्या त्या टोकाला जाऊन थांबते.