पाठीला लागू नये अशी गाडी

कुठलीही गाडी उभी दिसली की काका तिच्या कोपऱ्यावर तळहात ठेवायचे, जोर लावून ती खाली दाबायचे आणि सोडून द्यायचे. मग थोडं मागे सरून बघत राहायचे. गाडी वर येऊन डुलत राहिली की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "खाली जायचं, वर यायचं, गप्प व्हायचं," ते म्हणायचे. "नाचत बसायचं नाही."

गाडी कुणाची का असेना. दूधवाल्याची मोटारसायकल, नारळवाल्याचा टेम्पो. एकदा लग्नघरी त्यांनी फुलं लावलेली नवऱ्या मुलाची गाडीच दाबली, आणि आत बसलेला नवरदेव मुंडावळ्यांसकट हलला. काकू मला हळूच म्हणाल्या, "बघ गो सुमन, चारचौघांत तरी हात आवरावा की नाही माणसाने?" तुमच्या आळीतही असा एखादा असेल. आपण त्याला हसतो, आणि तो दिसला नाही की चुकल्यासारखं वाटतं.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला जायचे. आधीची घरं उरकून तिथे पोचेपर्यंत पाय भरून यायचे. काकांनी सारी नोकरी बोटीवर, इंजिनाच्या खोलीत केलेली. महिनेच्या महिने समुद्रात. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले आणि मुंबईच्या कुणा हौशी माणसाची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. हळदीसारखी पिवळी, जमिनीला टेकलेली, दोनच माणसांची. काकू तिला "तुमचा बेडूक" म्हणायच्या.

काकूंच्या पाठीतला मणका सरकलेला होता. जरा हादरा बसला की त्या ओठ चावून डोळे मिटून घ्यायच्या. रात्रीची झोप कधीच गेली होती. त्यांची मोठी बहीण सावर्ड्याला असते, ती अंथरुणाला खिळलेली. काका बोटीवर असताना काकूंची बाळंतपणं ह्या बहिणीने केली. एसटीने यायची, महिनाभर राहायची, काकूंना न्हाऊमाखू घालून परत जायची. आता तिला येता येईना आणि काकूंना जाता येईना. दोघी फोनवर बोलायच्या. बहीण शेवटी विचारायची, "कधी येतेस?" आणि काकू फोन ठेवून कितीतरी वेळ नुसत्या बसून राहायच्या.

भाड्याची मोठी गाडी करून पाहिली होती. वाटेतल्या हातखंब्यापर्यंत जाऊन काकू रडत परत आल्या. त्या दिवशी काका अंगणात त्या पिवळ्या गाडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हिलाच तयार करतो. तुला मीच नेणार. बाळंतपणांना मी नव्हतो, आता आहे."

"त्या बेडकातून?" काकू म्हणाल्या. "अहो, तो रस्त्यातला खडा न् खडा माझ्या पाठीत आणून टाकतो."

काका दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन नाचणे गावच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे गेले.

मी चौथी शिकलेली बाई. पण त्या गाडीचं इतकं ऐकलंय की तुम्हाला सांगू शकते. अशा गाडीचे स्प्रिंग मुद्दाम कडक असतात, जोरात वळताना ती कलू नये म्हणून. पण कडक स्प्रिंग रस्त्यावरचा धोंडा सरळ माणसापर्यंत पोचवतात. मऊ घातले तर धोंडा लागत नाही, पण वळणावर गाडी होडीसारखी झुलते, आणि झुलली की काकूंना मळमळतं. काकांना दोन्ही हवं होतं. खड्ड्यात मऊ आणि वळणावर घट्ट.

मिस्त्री तोंडाचा फटकळ. म्हणाला, "काका, ही गाडी पळवायला केलेली आहे. तुम्ही तिला पाळण्यात घालायला निघालात!"

"घालतो," काका म्हणाले. "तू पाना दे इकडे."

पहिले मऊ स्प्रिंग बसवून गाडी घरी आली, तेव्हा मी भांडी घासत होते. काका माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं भांड्याला काही लागलंय.

"सुमन, तू काकूंच्याच वजनाची आहेस. चल, बस गाडीत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परक्या पुरुषाशेजारी पिवळ्या गाडीत बसून गावातून जायचं! पण काकूंनीच मला पुढे ढकललं. "जा गो. माझ्याऐवजी बस. लागलं तर लागलं म्हणून सांग त्यांना, लाजू नकोस." मी डोक्यावरून पदर घेतला तो नाकापर्यंत ओढला. तरी कोपऱ्यावरच्या कोळणीने ओळखलंच. "अगो सुमन! आज मोटार? घोवाला सांगितलंस का?" ती पाटी उतरवून हसत राहिली. पुढे कितीतरी दिवस बाजारात मला "मोटारवाली" म्हणत होती.

आम्ही भाट्याच्या पुलावरून गेलो. पुलाला जागोजाग सांधे आहेत, तिथे गाडी दणकते. पूल संपल्यावर चढण आणि वळणं. काका विचारत होते, "लागलं? खरं सांग. आता लागलं?" मला खरंच काही लागत नव्हतं. उलट इतकी घरं करून आल्यावर कुणीतरी बसवून नेत होतं, तर माझे डोळे मिटत होते. मी म्हटलं, "नाही लागलं, काका. बरं वाटतंय."

काका हरखले. घरी येऊन काकूंना हाताला धरून गाडीत बसवलं. पुलाच्या पहिल्याच सांध्यावर काकूंनी हाय केलं. परत आल्या त्या डोळे पुसत, आणि पायरीवर बसून काकांवर भडकल्या. "तिची पाठ आणि माझी पाठ एक का हो? एवढीशी होती तेव्हापासून ती डोक्यावर ओझी वाहत्ये. उभ्याने एसटीने फिरत्ये. तिला काय लागणार? वजन सारखं म्हणून दुखणं सारखं होतं का?"

काका मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नाही." आजवर माझ्या पाठीचा विचार कुणी केला नव्हता. मी आत जाऊन उगाच भात ढवळत बसले.

तेव्हापासून माझ्या पाठीला विचारणं बंद झालं. मी मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन बसायचं, आणि काकांनी पाण्याकडे बघायचं. पुलावर पाणी उडालं तर स्प्रिंग कडक. वळणावर एका अंगाने सांडलं तर फार मऊ. माझ्या मांडीवर पंचा असायचा, तरी लुगडं भिजायचंच. ओल्या लुगड्याने मी पुढची घरं करायचे. "आणखी एकदा," काका म्हणायचे, आणि मी नळावर पातेलं भरून आणायचे. कंटाळा यायचा. पण काकू खिडकीत उभ्या राहून आमच्या येण्याची वाट बघत असायच्या. गाडी आली की आधी पातेल्यात डोकावायच्या. अर्धं रिकामं बघून "असू दे, दमलात तुम्ही" म्हणत चहा टाकायला वळायच्या. मग मला कंटाळा आला असं म्हणवत नसे.

मऊ स्प्रिंग काढून मधले आले. झिजलेली रबरं गेली, नवी आली. चाकं बदलून जाड रबराचे टायर आले, म्हणजे खडा आधी टायरनेच खायचा. शेवटी मुंबईहून नवे शॉक मागवले, स्प्रिंगला डुलू न देणारे. त्यांना एक पेच होता. तो फिरवला की शॉक कडक व्हायचा, उलटा फिरवला की सैल. काका फरशीवर उताणे पडून तो पेच किंचित फिरवायचे, बाहेर यायचे, कोपरा दाबायचे, पुन्हा आत जायचे. बाहेर आले की गुडघ्यांवर हात ठेवून तसेच वाकून उभे राहायचे. वय झालेलं होतं. पुण्याहून लेक फोनवर ओरडायची, "बाबा, पुरे करा आता!" ते म्हणायचे, "दमलो गं. पण आता सोडलं तर दमणंही फुकट."

पावसाळा गेला, थंडी आली. एकदा पूल ओलांडून चढण चढलो, वळणं घेऊन परत आलो, तरी पंचा कोरडा. काकांनी अंगणात गाडी थांबवली. ते पातेल्याकडे बघत राहिले. नुसतं डोकं मागे टेकून डोळे मिटले. काकू धावत आल्या, म्हणजे त्यांना येईल तशा आल्या, आणि पातेल्यात बोट बुडवून बघितलं.

एक अडचण उरली होती. गाडी इतकी बसकी की काकूंना वाकून आत शिरता येईना. काकांनी अंगणात जांभ्या दगडाचे चिरे रचून उतरण केली. गाडी त्यावर चढवून उभी केली की सीट खुर्चीएवढं उंच यायचं. तसेच चिरे सावर्ड्यालाही रचून ठेवायला फोन करून सांगितलं.

त्या दोघी भेटल्या ते मला काकूंनी सांगितलं. गाडीत दोनच माणसं मावत, मी काय जाणार? बहिणीने आधी विचारलं, "कशी आलीस?" आणि मग उत्तर न ऐकताच काकूंच्या केसांना लावायला तेल मागितलं, बाळंतपणात लावायची तसं. तिचा हात वर उठत नव्हता. काकूंनी डोकं तिच्या उशाशी टेकवलं, तेव्हा कुठे हात पोचला.

परतीच्या वाटेवर काकूंना झोप लागली. हातखंब्याला रत्नागिरीकडे वळायचं, तर काका वळलेच नाहीत. सरळ पालीवरून पुढे गेले. काकूंना जाग आली तेव्हा लांजा आलं होतं.

"अहो, लांज्याला कशाला आलो?"

"झोपली होतीस," काका म्हणाले. "इतक्या दिवसांनी."

त्यानंतर आणखी काही वेळा ती दोघं सावर्ड्याला गेली. आणि पुढच्या वर्षी आंब्याला मोहोर असताना काका एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. मी पोळ्या करत होते. कप पडल्याचा आवाज तेवढा आला.

मिस्त्री भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, मी नेतो तुम्हाला सावर्ड्याला. गाडी तीच आहे." काकू म्हणाल्या, "नको रे बाबा. तू वळणं फार घाईत घेतोस." मग त्याने गाडी नुसती धुऊन पुन्हा चिऱ्यांवर चढवून ठेवली.

दुपारी काकू त्या गाडीत जाऊन बसतात. खुर्चीपेक्षा तिथे पाठीला बरं वाटतं म्हणतात. काल बसल्या होत्या तेव्हा बहिणीचा फोन आला. बहिणीचं दुखणं वाढलंय, म्हणून काका गेल्याचं तिला कुणी कळवलेलं नाही. काकूंना फोन कानाशी धरवत नाही, त्या स्पीकर लावून तो मांडीवर ठेवून मोठ्याने बोलतात. मी जवळच अंगणातल्या नळावर भांडी घासत होते, सगळं ऐकू येत होतं.

"काय करतेस गो?" बहिणीने विचारलं.

"गाडीत बसल्ये."

"गाडीत? अगो बाई! इकडे येतेस का? मग कुठवर आलात?"

काकूंनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"येतोय," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल जरा."

"लागू दे. त्यांना म्हणावं, सावकाश चालवा."

"सांगते."

नळाचं पाणी बादलीत धो धो पडत होतं. चालत्या गाडीत बसलेल्या माणसाच्या फोनमध्ये नळ कसा ऐकू येईल? मी ओल्या हाताने तो बंद केला.